फॉस्टर केअरमधला मुलगा आणि गणितात २५ पैकी ६

मानेवाड्याची_मावशी | १८ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज वेगळंच घेऊन आलेय.

दिवाळीनंतर आमच्या घरी एक मुलगा आलाय. दहा वर्षांचा, पाचवीत. दत्तक नाही. फॉस्टर केअर, सरकारी मराठीत प्रतिपालकत्व. बालकल्याण समितीच्या आदेशाने तो ठरावीक मुदतीसाठी आमच्याकडे राहतो, कागदावर आम्ही त्याचे आईवडील नाही. लेक पुण्याला नोकरीला गेल्यापासून घर खायला उठलं होतं. हे म्हणाले, अर्ज तर करून पाहू. चौकशीला माणसं आली, स्वयंपाकघर पाहून गेली, शेजाऱ्यांना विचारून गेली, आणि सात-आठ महिन्यांनी हा आला. त्याआधी बालगृहात होता. इथल्यापुरतं त्याला लहान्या म्हणू.

आता मुद्दा. काल घटक चाचणीचे पेपर मिळाले. मराठी २५ पैकी १४, इंग्रजी ९, गणित ६. आधीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात याच पोराला गणितात अ-२ आहे. बाईंनी मला बोलावलं आणि बाकीच्या पालकांसमोर म्हणाल्या, "म्हणजे तिकडेच बरा होता म्हणायचा." गाडीवरून घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खरंच तिकडे बरा होता का?

आणखी एक. संध्याकाळी पाचला दप्तर घेऊन हॉलमध्ये बसतो, पण उघडत नाही. नुसता बसून राहतो. ओरडत नाही मी, विचारलं तर "काही नाही" म्हणतो. साडेसहाला मी वैतागून टीव्ही लावते, मग तोही टीव्ही पाहतो.

कोणाला अनुभव असेल तर सांगा. ट्यूशन लावू का, एवढाच सल्ला नको.

---

गुरुजी_रेशीमबाग | १८ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, पहिले तो अ-२ डोक्यातून काढा. ३१ वर्षं मास्तरकी केली, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापक म्हणून. आकारिकमध्ये, म्हणजे वर्षभराच्या नोंदींवरच्या मूल्यमापनात, अ-२ कसा पडते ते मला विचारा. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, वहीपूर्तता, अन् नोंदी भरायच्या असतात शेवटच्या आठवड्यात. पोट्टं शांत बसलं, त्रास दिला नाही, वही नीट ठेवली, झाला अ-२. बालगृहातली पोट्टी वर्गात फार शांत असतात. ते शांत काहून असतात हा निराळा विषय आहे.

एक वजन भाजीवाल्याच्या काट्यावर केलं, दुसरं सोनाराच्या. फरक पाहून माणूस वाळला म्हणता येत नाही जी.

एकूण मार्क बाजूला ठेवा. पेपर पुढ्यात घ्या अन् कोणती गणितं चुकली ते पाहा. मग इथे लिहा.

---

खरं_बोलतो | १९ जानेवारी, सकाळी ८:०५

राग नका मानू, पण परक्याचं पोर घरात आणून त्याच्याकडून मार्कांची अपेक्षा करणंच चूक. मूळ संस्कार गेलेले असतात. शिवाय सरकार पैसे देतं म्हणून बरेच लोक हे करतात असं ऐकलंय. (तुम्ही नाही, जनरल बोलतोय.)

---

मानेवाड्याची_मावशी | १९ जानेवारी, दुपारी २:३१

@खरं_बोलतो, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत अशा मुलासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. शाळेची फी, बूट, दोन स्वेटर, डोळ्यांचा चष्मा आणि रोज अर्धा लिटर जास्तीचं दूध, यात ते बसवून दाखवा, मी तुमच्याकडून हिशोब शिकीन. चष्मा आमच्याकडे आल्यावर लागला, बरं का. त्याआधी फळा दिसत होता की नाही कोण जाणे.

@गुरुजी, पेपर पाहिला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार बरोबर. पाढे तर पंधरापर्यंत झोपेतून उठवून विचारा. भागाकाराची चारही गणितं कोरी. चुकलेली नाहीत, कोरी. आकडे सुबक उतरवलेत, खाली रेघ मारलीय, पुढे काही नाही. अपूर्णांकाचंही तेच.

त्याला विचारलं तर म्हणाला, "ते माझ्या शाळेत व्हायचं होतं." कुठल्या शाळेत? मग हिशोब लागला. चौथीत असताना डिसेंबरात गावाकडून नागपूरला आला. बालगृहातून शाळेत नाव टाकायला दीड महिना गेला. गावच्या शाळेत भागाकार संक्रांतीनंतर घेणार होते, इकडच्या शाळेत तो दिवाळीआधीच झाला होता. पाचवीत अपूर्णांकाचं पुन्हा तसंच: तिथे व्हायचा होता, इथे होऊन गेला होता. पोरगं वर्ग बदलत गेलं आणि धडा प्रत्येक वेळी हुकला. दोन वर्षांत तीन शाळा.

---

गुरुजी_रेशीमबाग | १९ जानेवारी, दुपारी ४:१५

घ्या, सापडलं! पोट्टं ढ नाही. ज्या दिवशी ते शिकवलं त्या दिवशी ते तिथे नव्हतं, एवढंच. ट्यूशनवाला पाचवीचं पुस्तक उघडून बसेल, काही उपयोग नाही. तिसरीचं पुस्तक आणा. चिंचोके घ्या, वाटणीपासून सुरू करा. पाढे पाठ आहेत म्हणजे अर्धं काम झालेलं आहे, भागाकार म्हणजे पाढे उलटे चालवणं. तीन आठवडे, रोज वीस मिनिटं. जास्त नाही.

अन् चष्म्याचं वाचून बरं वाटलं.

---

आकडेमोड | १९ जानेवारी, रात्री ९:५०

मी शिक्षणातल्या आकडेवारीवरच काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते. कंटाळा आला तर पुढे जा.

"तिकडे बरा होता का" हा प्रश्न जगभर विचारला गेलाय आणि बहुतेक वेळा चुकीचा विचारला गेलाय. फॉस्टर केअरमधल्या मुलांचे मार्क इतर मुलांपेक्षा कमी असतात, हे जवळपास सगळीकडे दिसतं. पण तुलना कोणाशी? आईवडिलांच्या घरात सुरळीत वाढलेल्या मुलाशी. हे म्हणजे दवाखान्यातली माणसं बाहेरच्यांपेक्षा आजारी दिसतात म्हणून दवाखान्याने आजार होतो म्हणण्यासारखं झालं. घरातलं मरण, दारू, मारहाण, उपासमार, बुडालेली शाळा हे सगळं मूल येतानाच घेऊन येतं.

तुलना नीट करायची तर सारखीच मुलं घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून निम्मी संस्थेत, निम्मी घरात ठेवायची. असं कोण करणार? पण रुमानियात झालं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळानंतर तिथली अनाथालयं भरलेली होती आणि फॉस्टर केअर जवळजवळ नव्हतंच. २००१ च्या सुमारास नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमधली १३६ तान्ही-रांगती मुलं घेतली. निम्म्यांसाठी फॉस्टर कुटुंबं शोधून, त्यांना मानधन देऊन मुलं तिथे ठेवली, उरलेल्यांचं पूर्वीसारखंच चालू राहिलं. साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंकाची सरासरी संस्थेतल्या गटात ७३, फॉस्टर गटात ८१ आली. कधीच संस्थेत न गेलेल्या, त्याच शहरातल्या मुलांची १०९. म्हणजे घराचा फायदा खरा, पण सगळं भरून निघत नाही हेही खरं. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना जास्त फायदा झाला. २००७ साली हे 'सायन्स'मध्ये आलं.

लहान्या दहा वर्षांचा आहे, शिवाय आपली बालगृहं म्हणजे तेव्हाची रुमानियातली अनाथालयं नव्हेत. म्हणून हे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका.

त्याच्या वयाला जवळचा अभ्यास इंग्लंडचा. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या रीस सेंटरने आणि ब्रिस्टल विद्यापीठाने मुलांच्या काळजीच्या नोंदी आणि सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेचे निकाल एकत्र जोडले. त्यात दिसलं की जास्त काळ सरकारी देखरेखीत, विशेषतः फॉस्टर घरात राहिलेली मुलं, घरीच राहिलेल्या पण समाजसेवा खात्याची मदत लागणाऱ्या मुलांपेक्षा पुढे होती. आणि अकराव्या वर्षानंतर राहण्याचं ठिकाण जितक्यांदा बदललं, तितक्यांदा निकाल एक तृतीयांश श्रेणीने खाली. शेवटच्या दोन वर्षांत शाळाच बदलली असेल तर पाचाहून जास्त श्रेणींचा फरक.

मावशी, तुमच्या भागाकाराच्या चार कोऱ्या ओळी पाहून मला तोच अभ्यास आठवला.

---

वऱ्हाडी_ठसका | २० जानेवारी, सकाळी ७:४०

आकडेमोडताई, माहिती भारी. पण संस्था म्हटली की वाईटच, असं नको व्हायला. आपल्याच विदर्भात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस, अपंग पोरं वाढवली, स्वतःचं नाव लावलं त्यांना. २०२४ ला पद्मश्री भेटली. तिथलीच एक अंध पोरगी एमपीएससी पास झाली. ते काय फॉस्टर केअर होतं का?

---

आकडेमोड | २० जानेवारी, सकाळी ९:१२

बरोबर आहे. पण तिथे माणूस बदलला नाही, हे पाहा ना. तोच बाप, तेच नाव, तेच आवार, वर्षानुवर्षं. मी घर विरुद्ध संस्था म्हणतच नाहीये, हलवाहलवीबद्दल बोलतेय.

---

सिव्हिल_लाइन्स_वकील | २० जानेवारी, दुपारी १:०८

मावशी, आधी दम देतो मग मदत करतो.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ वाचा. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत हे उत्तम, गावही लिहू नका. आयडीतच मानेवाडा आहे, त्याला आता इलाज नाही. फोटो तर अजिबात नको, तान्ह्या पोळ्याचा पाठमोरासुद्धा नको.

आता मदत. कलम ४४ प्रमाणे फॉस्टर कुटुंबावर मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी आहे आणि समितीने दर महिन्याला पाहणी करायची आहे. पाहणी म्हटलं की लोक घाबरतात, चहा-बिस्किटं मांडून बसतात. तसं करू नका. त्या दिवशी हा पेपर दाखवा. शाळेत अमुक अडचण आहे असं लेखी द्या. समितीची तारीख शाळेच्या वेळेत येत असेल तर दुपारनंतरची किंवा शनिवारची मागा. मिळेलच असं नाही, पण मागा. पोरांचे निम्मे खाडे अशाच तारखांचे असतात.

आधीच्या शाळेचा दाखला मिळाला का? नसेल तरी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दीड महिना नाव टाकायला गेला, तो जायलाच नको होता.

---

मानेवाड्याची_मावशी | २० जानेवारी, दुपारी ३:२२

दाखला आला, पण सरल पोर्टलवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, लहान्या अजून जुन्याच शाळेत दिसतो. तीन फेऱ्या झाल्या. हे शाळेला म्हणाले, "ऑनलाइनमध्ये तो तिथे आहे, वर्गात इथे आहे, मार्क कोणाचे लिहिणार?" कोणी हसलं नाही.

---

शिकागोचा_संत्रावाला | २० जानेवारी, रात्री १०:००

मूळचा इतवारीचा, वीस वर्षं इकडे. इथे २०१५ च्या शिक्षण कायद्यात फॉस्टर मुलांसाठी तरतूद आली: घर बदललं तरी, मुलाच्या हिताचं असेल तर, शाळा तीच ठेवायची. बसचा खर्च कोणी करायचा यावरून शाळा आणि बालकल्याण खातं भांडतं, पण नियम आहे. बायको इथे शाळेत शिकवते. तिच्या वर्गातला एक मुलगा रोज पन्नास मिनिटं टॅक्सीने येतो. इंग्लंडमध्ये तर २०१४ पासून प्रत्येक भागात एक अधिकारी कायद्यानेच नेमलेला असतो, अशा सगळ्या मुलांचा जणू मुख्याध्यापक.

मावशी, जुनी शाळा किती लांब होती? तीच ठेवता आली नसती का?

---

मानेवाड्याची_मावशी | २० जानेवारी, रात्री १०:३५

शहराच्या त्या टोकाला. दोन बस बदलून सव्वा तास. पण खरं सांगू? विचारच केला नाही. पोर घरी आलं म्हणजे घराजवळच्या शाळेत घालायचं, एवढंच डोक्यात. आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्ही त्याला विचारलं नाही. निदान एप्रिलपर्यंत तिथेच ठेवला असता तर? हे वाचल्यापासून झोप नाही.

---

घंटा_वाजली | २१ जानेवारी, रात्री १२:५८

आयडी आत्ताच काढला, एवढ्यासाठीच.

मावशी, मी बालगृहात वाढलो. आता २८ चा आहे, एका कारखान्यात फिटर आहे, बुटीबोरीकडे. तुमचा लहान्या पाचला दप्तर घेऊन काहून बसून राहते, ते मले माहीत आहे. तो घंटेची वाट पाहून राहिला.

आमच्याकडे पाचला सगळे रांगेत बसत. काकांनी घंटा वाजवली की पुस्तक उघडायचं. सातला दुसरी घंटा, पुस्तक बंद. मधात काही वाचलं का नाही, कोणी पाहत नसे. पण घंटेआधी पुस्तक उघडलं तर बाकीची पोट्टी "लय शायना झाला का बे" म्हणून मारत. सात वर्षं असं केलं की हात स्वतःहून पुस्तकाकडे जातच नाही. पाढे पाठ आहेत ते पण तिथलेच. रोज प्रार्थनेनंतर ओरडून म्हणत होतो, अर्थ माहीत नव्हता.

मीही एका घरी गेलो होतो. आठवी झाली तेव्हा नेलं, नववीच्या जानेवारीत परत आणून सोडलं. मार्क कमी पडले म्हणून नाही, असं म्हणाले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं, जागा नव्हती. असेल खरंच. पण सहामाहीचा निकाल डिसेंबरात लागला होता अन् त्यात मी तीन विषयांत गेलो होतो. त्याच्यानंतर जानेवारी. चौदा वर्षांच्या पोट्ट्याने काय समजायचं? मी समजलो ते समजलो. दहावीला बसलो तेव्हा पेपर लिहिताना तेच डोक्यात, कमी पडले तर आता कुठं सोडतील. बालगृहातून कुठं सोडणार, पण डोकं तसंच चाले. दोनदा बसून ३८ टक्के आले. आयटीआयमध्ये मात्र पहिल्या पाचात होतो. तिथे कोणी सोडणार नव्हतं.

त्याला सहा मार्कांबद्दल काही बोलला असाल तर आधी हे सांगा, की याच्यावरून तू कुठं जाणार नाहीस. तो ऐकल्यासारखं करणार नाही. तरी सांगा.

---

खरं_बोलतो | २१ जानेवारी, सकाळी ८:३०

@घंटा_वाजली, माझं वरचं बोलणं मागे घेतो.

---

गुरुजी_रेशीमबाग | २१ जानेवारी, सकाळी ९:४४

मीही काल रात्रभर काही मुलं आठवत होतो. शांत बसणारी. अ-२ दिला होता मी.

---

मानेवाड्याची_मावशी | २३ जानेवारी, रात्री ९:१५

काल सहा वाजता देवघरातली घंटा वाजवली. नुसती, काही न बोलता. त्याने चमकून पाहिलं, आणि दप्तर उघडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसले, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती.

आज सहाला त्यानेच विचारलं, "मी वाजवू?"

घंटा_वाजली, तुम्ही सांगितलं तेही सांगितलं त्याला. तो चिंचोके मोजत होता. म्हणाला, "एकेचाळीस भागिले सहा, पाच उरतात." बस, एवढंच.

---

पुणेकर_पण_बरा | २४ जानेवारी, सकाळी ११:०२

वाचतोय आणि गप्प बसलोय. एक शंका: तुम्ही याला पुढे दत्तक घेऊ शकता का?

---

सिव्हिल_लाइन्स_वकील | २४ जानेवारी, दुपारी १२:४०

२०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार, फॉस्टर घरात दोन वर्षं झाल्यावर ते कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकतं. आधी पाच वर्षं लागत. पण मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असावं लागतं. नातेवाईक पुढे आले तर आधी त्यांचा विचार होतो. फॉस्टर केअरचा मूळ हेतूच तो आहे. एकटी राहणारी ३५ ते ६० वयाची माणसंही आता फॉस्टर पालक होऊ शकतात, धागा वाचणाऱ्या कोणाला इच्छा असेल तर.

---

मानेवाड्याची_मावशी | ९ मे, दुपारी १२:२०

धागा वर आणतेय. उन्हाने जीव चाललाय, कूलरसमोर बसून लिहितेय.

पाचवीची वार्षिक परीक्षा झाली. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला पास व्हावंच लागतं, नाहीतर पुन्हा परीक्षा, त्यामुळे धाकधूक होती. पास झाला. गणितात काठावर. इंग्रजीत जेमतेम. मराठीत मात्र चांगले पडले. 'माझे कुटुंब' हा निबंध आला होता. काय लिहिलं ते विचारलं नाही.

गुरुजी, अपूर्णांक अजून कच्चे आहेत. भाकरीचे तुकडे करून झाले, संत्र्याच्या फोडी करून झाल्या, संत्रं खाऊन टाकतो.

दुसरी बातमी. त्याच्या मोठ्या काकांनी समितीकडे अर्ज केलाय. माणूस चांगला वाटला. दोनदा भेटायला आले, येताना घरचे तांदूळ घेऊन आले. लहान्याचं त्यांच्याशी जमतं. गाव सांगत नाही, वकिलांचा दम लक्षात आहे. तारीख जुलैच्या मध्यात होती. मी लेखी दिलं की ठरायचं ते शाळा सुरू व्हायच्या आधी ठरवा, आपल्याकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, निदान सहावी एका ठिकाणी पहिल्या दिवसापासून होऊ द्या. तारीख अलीकडे घेतली, जूनचा पहिला आठवडा.

म्हणजे बहुतेक जाईल. यावर आत्ता बोलायचं नाहीये मला.

एक दोनशे पानी वही केलीय. प्रत्येक विषयाला चार पानं. काय झालंय, कुठवर आलंय, काय राहिलंय. गणिताच्या पानावर: "भागाकार येतो, दोन अंकी भाजकापर्यंत. समच्छेद अपूर्णांक येतात. भिन्नच्छेद नाही. पाढे १५." इंग्रजीच्या पानावर कुठले शब्द वाचता येतात ते. चष्म्याचा नंबर आणि तपासणीची तारीख. दाखल्याची झेरॉक्स, सरलचा आयडी (शेवटी मार्चमध्ये बदलला). पहिल्या पानावर लिहिलंय, संध्याकाळी सहाला घंटा वाजवावी, नाहीतर बसून राहतो.

आणखी काय लिहू त्यात? सुचवा.

---

गुरुजी_रेशीमबाग | ९ मे, दुपारी १:०५

भिन्नच्छेदासाठी महिना आहे हातात. रोज वीस मिनिटं. मी येतो पाहिजे तर, रेशीमबाग ते मानेवाडा काय लांब आहे.

---

घंटा_वाजली | ९ मे, रात्री ११:४७

मावशी, त्या वहीत शेवटच्या पानावर तुमचा फोन नंबर लिहा. मोठ्या अक्षरात. त्याच्या हाताने लिहून घ्या.